डोळे मिटले की दारूच दिसते, मग ध्यान कसं करू?

एका भाऊंचा प्रश्न आहे. वय ४१, नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी, दारू सुटून चार महिने झाले. व्यसनमुक्ती केंद्रातून निघताना त्यांना सांगितलं होतं, रोज माइंडफुलनेस करा, ताण कमी होईल. ते प्रामाणिकपणे बसतात. पण डोळे मिटले की पाच मिनिटांत ग्लासच समोर येतो, छाती धडधडते आणि उठून येरझारा सुरू होतात. संध्याकाळी सात ते नऊ जीव नकोसा होतो. बायको अजूनही तोंडाचा वास घेते. त्यांचा प्रश्न असा की हे ध्यान आपल्यासारख्याला चालतं, की हा शांत स्वभावाच्या लोकांचा प्रांत आहे?

चालतं, भाऊ. पण शांत होण्यासाठी बसू नका, आणि डोळे तर अजिबात मिटू नका.

शांत व्हायला बसलेला माणूस दर मिनिटाला आत डोकावून बघतो, झालो का शांत? नाही झाला की चिडतो. आणि चार महिने सोबर असलेल्या माणसाचं अंग शांत नसतंच. दारू मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू मग उलट्या बाजूने जोर लावतो, स्वतःला जास्त जागं ठेवतो, म्हणजे कसंबसं रोजचं काम निभावतं. वर्षानुवर्षं ही रस्सीखेच चालू असते. एके दिवशी दारूने दोर सोडला की पलीकडचा गडी धाडकन मागे पडतो. हातांची थरथर, घाम, उडालेली झोप, सुरुवातीच्या दिवसांत जे झालं ते हेच. ते आठवडाभरात बरंचसं ओसरलं असेल. पण जोर लावायची मेंदूची सवय लगेच मोडत नाही. ताणाची यंत्रणा कित्येक महिने चढलेलीच राहते. झोप तुटक, आवाज सहन होत नाही, पोराच्या हातून ताटली पडली तरी अंगावर धावून जावंसं वाटतं. घरचे म्हणतात, ‘पीत होता तेव्हाच बरा होता.’ हे वाक्य मी इतक्या घरांमधून ऐकलंय की आता त्याचं वाईट वाटत नाही, पण तुम्हाला वाटत असेल. तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. मेंदू अजून जुन्या हिशोबाने दोर ओढतोय, इतकंच.

माइंडफुलनेसला मराठीत सजगता म्हणतात. दारू सोडणाऱ्यांचा गट मी घेते, तिथे मी ‘भान’ म्हणते. सजगता म्हटलं की लोक पाठ ताठ करून बसतात.

भान नेमकं कशाचं ठेवायचं, ते मला एका ऑटोवाल्याने शिकवलं. ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते. दारू सोडल्यावर त्यांचा खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, वाढला, दिवसाला तीनचा दहावर गेला. नागपुरात हे इतकं सर्रास होतं की मी पहिल्या महिन्यात त्यावर बोलतही नाही. त्यांना म्हटलं, कमी करू नका, फक्त हाताकडे लक्ष ठेवा. हात खिशाकडे कधी जातो ते बघा. आठवड्याने आले ते जरा घाबरलेले. ‘मॅडम, खिशात पन्नी नव्हती, तरी बोटं घासून राहिली होती.’ अंगठा पहिल्या बोटावर, खर्रा घोटताना चालतो तसाच. कधी? भाड्यावरून प्रवासी हुज्जत घालत होता तेव्हा. पुढच्या आठवड्यात त्यांनीच दुसरं सांगितलं. बोटं आधी सुरू होतात, आणि ‘खर्रा पाहिजे’ हा विचार दोन-तीन मिनिटांनी येतो.

ती दोन-तीन मिनिटं हाती लागणं, एवढ्यासाठीच हा सगळा सराव आहे. तलफ डोक्यात उगवते असं आपल्याला वाटतं, पण ती बहुतेकदा आधी अंगात येते. कोणाचा जबडा आवळतो, कोणाच्या तोंडाला पाणी सुटतं, कोणाच्या पोटात खड्डा पडतो, कोणी विनाकारण मोबाइल उघडून जुन्या मित्रांची नावं चाळतो. विचार येईपर्यंत माणूस चप्पल घालून निघालेला असतो. अंगातली खूण ओळखता आली तर चप्पल घालायच्या आत कळतं.

आणि कळल्यावर काय करायचं? इथे एक नाव सांगते, कारण ही पद्धत त्यांची आहे. ॲलन मार्लाट हे अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. व्यसनातून सुटलेला माणूस पुन्हा का घसरतो, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. ते सांगायचे, तलफ ही लाट समजा. तिच्याशी झुंजू नका, तिच्यात बुडू नका, तिच्यावर तरंगत राहा, ती फुटून जाते. सिॲटलला पाणी आहे, तिथे हे शोभतं. मी सुरुवातीला गटात लाट-लाट म्हणायची, तर एक जण म्हणाले, ‘मॅडम, आम्ही फुटाळा तलावापलीकडे पाणी पाहिलं नाही.’

तेव्हापासून मी रेल्वे फाटक सांगते. कोळशाची मालगाडी येते, फाटक पडतं. हॉर्न वाजवून गाडी लवकर जात नाही. फाटकाखालून वाकून घुसणारे घुसतात, त्यातला एखादा मरतो. बाकीचे काय करतात? इंजिन बंद करून डबे मोजतात. तलफ आली की फाटक पडलं असं समजायचं आणि डबे मोजायचे. म्हणजे आत्ता अंगात काय चाललंय ते मनातल्या मनात एकेक सांगायचं. जबडा घट्ट आहे. कानामागे गरम वाटतंय. जीभ कोरडी पडली. जबडा जरा सैल झाला. पुन्हा आवळला. खतपाणी घातलं नाही तर बहुतेकांची तलफ वीस-तीस मिनिटांत उतरते. खतपाणी म्हणजे ‘एक क्वार्टर घेतली तर काय होतंय’ हा मनातला वाद. तो वाद जिंकायलाही जाऊ नका. तो घालत बसणं म्हणजे फाटकावर हॉर्न वाजवत बसणं.

एकदा एका माणसाला माझ्यासमोरच तलफ आली. बँकेतून कर्जाच्या हप्त्याचा फोन आला होता. मी म्हटलं, घड्याळाकडे बघा आणि बोलत राहा. पहिल्या मिनिटाला तलफ दहापैकी आठ. तिसऱ्या मिनिटाला नऊ, तो खुर्चीच्या कडेवर आला. सहाव्या मिनिटाला पुन्हा आठ. मग म्हणाला, ‘तळपाय थंड आहेत.’ नवव्याला सहा. बाराव्या मिनिटाला त्याने विचारलं, चहा मिळेल का? तलफ संपली नव्हती, चारवर होती. पण चारवरची तलफ घेऊन माणूस चहा पिऊ शकतो, घरी जाऊ शकतो. आधीच्या पंधरा वर्षांत त्याने ती कधी उतरताना पाहिलीच नव्हती, कारण दर वेळी नऊवर असतानाच तो प्यायला होता.

आता तुमच्या डोळे मिटण्याचं. सुरुवातीच्या महिन्यांत डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देणं अनेकांना झेपत नाही. धडधडणाऱ्या छातीकडेच लक्ष दिलं तर धडधड वाढते, आणि मिटल्या डोळ्यांपुढे जुना सिनेमा सुरू होतो. कोणी मारहाण, अपघात, घरातला मृत्यू पाहिलेला असेल तर तेही वर येतं. म्हणून डोळे उघडे ठेवा आणि लक्ष शरीराबाहेर कुठेतरी टेकवा. आत्ता मे महिना आहे, तुमच्या घरी कूलर असेलच. कूलरइतकं चांगलं ध्यानाचं साधन नागपूरला दुसरं नाही, हे मी गमतीने म्हणत नाही. पंख्याची घरघर, त्याच्या खाली पंपाची बारीक गुणगुण, त्याच्याही खाली ताट्यांवरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज. तीन थर आहेत. एकेक वेगळा ऐका. मन दारूकडे गेलं तर गेलं, परत पाण्याच्या आवाजावर या. पन्नास वेळा गेलं तर पन्नास वेळा परत या. हे परत येणंच व्यायाम आहे, त्यात नापास होण्यासारखं काही नाही. तीन मिनिटं पुरे. महिनाभर तीनच मिनिटं, पण रोज.

आणि सातच्या तलफेसाठी बसूच नका, काम करा. कूलर भरा. पाइप लावून निघून जायचं नाही, बादलीने भरा. बादलीचं वजन कोणत्या खांद्यावर येतं, पाणी ओतताना आवाज कसा बदलतो, टाकी भरत आली की कडेला हात लावून थंडावा कुठपर्यंत चढलाय ते बघा. माझ्या गटातले एक जण उन्हाळाभर शेजाऱ्यांचेही कूलर भरायचे. पावसाळ्यात काय करू म्हणून त्यांनी विचारलं होतं. त्यांना लसूण सोलायला लावलं.

त्याआधी पोटाचं बघा. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या मिटिंगमध्ये चार गोष्टी तपासायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. त्यात नागपूरसाठी मी तहान घालते. ४५ अंशांत शिफ्ट करून, कंपनीच्या बसमधून तासभर भाजून निघालेला माणूस सातला घरी पोचतो, तेव्हा त्याच्या अंगात पाणीही नसतं आणि अन्नही. तुम्ही ज्याला तलफ म्हणता त्यातला अर्धा भाग भूक-तहानेचा निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. बसमध्ये चढायच्या आधी काहीतरी खा. पोहे, केळी, डब्यातली उरलेली पोळी, काहीही. आठवडाभर करून बघा आणि सातची तलफ दहापैकी किती येते ते लिहून ठेवा.

वहिनींच्या वास घेण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीये, पण मला वाटतं सगळा ताण तिथेच आहे. तुम्ही चार महिने सोबर आहात, त्या मात्र चार महिने पहाऱ्यावर आहेत. घराच्या फाटकाचा आवाज झाला की त्यांच्याही पोटात गोळा येतो. तुमच्याइतकंच त्यांचं अंगही चढलेलं आहे, फक्त त्यांना कोणी केंद्रात ठेवलं नाही, की डबे मोजायला शिकवलं नाही. पुस्तकातला सल्ला असतो, राग आला की दहा मिनिटं बाहेर जाऊन या. पिणाऱ्याच्या घरात हा सल्ला उलटा पडतो. तुम्ही रागात चप्पल घातलीत की त्यांच्या डोळ्यांपुढे भट्टीच येणार. म्हणून शांत वेळी, शक्यतो सकाळी, आधीच सांगून ठेवा: मला भडका वाटला तर मी गच्चीवर जाईन, घराबाहेर नाही. आणि कामावरून आल्यावर स्वतःच आधी त्यांच्याजवळ जाऊन दोन वाक्यं बोला, हाताच्या अंतरावरून. वास घ्यायला त्यांना वाकावंच लागू नये. त्या तरीही वाकल्या तर त्या क्षणी राग अंगात कुठे येतो ते बघा. बहुतेक पुरुष मान किंवा हाताच्या मुठी सांगतात. मूठ कळली की उघडता येते. खांदे खाली सोडायचे आणि श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा, चार-पाच वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, शरीराची घडणच तशी आहे. यात श्रद्धेचा प्रश्न नाही.

श्रद्धेचा विषय निघालाच आहे, तर नागपुरात राहून हे सांगितलं नाही तर चूक होईल. इथल्या कित्येक बौद्ध विहारांमध्ये पंचशील रोज म्हटलं जातं. त्यातलं पाचवं शील दारूबद्दल आहे, आणि त्यात एक शब्द आहे, ‘पमाद’. सुरामेरयमज्जपमादट्ठाना. पमाद म्हणजे प्रमाद, गाफीलपणा. दारू का टाळायची, तर ती गाफील करते म्हणून. दारू सोडणं आणि भान ठेवणं या दोन गोष्टी तिथे पहिल्यापासून एकाच ओळीत आहेत. लहानपणापासून हे शील म्हणणाऱ्या एका पेशंटला मी त्या शब्दापाशी थांबवलं, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्यांच्या घरी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना चालते, त्यांना मी सांगते की तिथल्या ध्यानाला बसा, दुसरं काही नवीन शोधू नका. जपमाळ ओढणाऱ्याने मणी बोटाला कसा लागतो त्यावर लक्ष ठेवलं तरी काम होतं.

अमेरिकेतून आलेल्या या गोष्टीचं मूळही इकडचंच आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दुखण्याने त्रासलेल्या पेशंटांसाठी एक कार्यक्रम सुरू केला, तो बौद्ध ध्यानातून घेतलेला. मार्लाट यांच्या गटाने सिॲटलच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या विपश्यना शिबिरांचा अभ्यास केला, आणि पुढे या दोन्हींतून खास व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी आठ आठवड्यांची पद्धत तयार झाली. सारा बोवेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिची तपासणी प्रसिद्ध केली. सुरुवातीचे उपचार पूर्ण केलेली २८६ माणसं त्यात होती. सहा महिन्यांपर्यंत ही पद्धत आणि पुन्हा न घसरण्याचं नेहमीचं प्रशिक्षण, दोन्ही साधारण सारखीच उपयोगी ठरली. वर्षाच्या शेवटी मात्र भान शिकलेल्या लोकांचे नशा केल्याचे दिवस कमी होते. म्हणजे फरक दिसला तो उशिरा. चार महिन्यांत काही होऊन नाही राहिलं म्हणून सोडू नका, असं मी म्हणते ते यासाठीच.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला आत्ता जाऊ नका. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हुशार तरुणाला मी सोडल्याच्या सहाव्या आठवड्यात शिबिराला जायला उत्तेजन दिलं. दहा दिवस मौन, दिवसाला दहा तास बसणं. शिबिराच्या अर्जात व्यसनाबद्दल विचारतात, ते त्याने लपवलं, आणि लपवू नकोस हे मी बजावलं नाही. चौथ्या दिवशी तो निघून आला आणि घरी न जाता थेट बारमध्ये गेला. तो पुढे सावरला, पण ती घाई माझी होती. वर्ष-दीड वर्ष सोबर राहा, झोप जागेवर येऊ द्या, मग डॉक्टरांशी बोलून ठरवा.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची दारू कालपरवाच सुटली असेल तर त्याने इथलं काहीही करू नये, दवाखाना गाठावा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, माणसाला नसलेलं दिसायला लागतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो. तिथे श्वास मोजून भागत नाही, औषधं लागतात. तुमची औषधं चालू असतील तर ध्यान जमायला लागलं म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. आणि घरच्यांना एक हात जोडून विनंती: डायसल्फिरामची, म्हणजे दारू प्यायलं की त्रास व्हावा म्हणून असलेली, गोळी वरणात चुरून देऊ नका. नकळत ती पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळतो. सरकारी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत नेईपर्यंत वेळ असेलच असं नाही.

घसरलात तर? मार्लाट यांनी एक गोष्ट नेमकी पकडली होती. एक पेग माणसाला जितका बुडवत नाही, तितकं त्यानंतरचं ‘आता गेलंच सगळं’ हे वाक्य बुडवतं. लाज अंगात येते, आणि लाजेवर त्याला एकच औषध ठाऊक असतं. त्या लाजेलाही फाटकावर थांबवा आणि कोणालातरी फोन लावा. स्पॉन्सर, म्हणजे मिटिंगमधला तुम्हाला सांभाळणारा जुना सदस्य, असेल तर त्याला, नाहीतर व्यसनमुक्तीच्या १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर. रात्री-बेरात्री मन फारच बिघडलं, जीवाचं काही करावंसं वाटलं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. दोन्ही नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाका, तेव्हा शोधणं होत नाही.

तुमचा पगार महिन्याच्या सात तारखेला होतो असं तुम्ही लिहिलंय, आणि तुमच्या थांब्यासमोर बार आहे. या सात तारखेला बसमधून एक थांबा आधी उतरा आणि चालत या. निघताना वहिनींना सांगा, म्हणजे दहा मिनिटांच्या उशिराचा अर्थ त्या दुसरा लावणार नाहीत. चालताना तळपाय जमिनीला कुठे टेकतात तेवढंच बघा. आणि सकाळी कूलर भरून ठेवायची सवय असेल तर त्या दिवशी भरू नका. टाकी संध्याकाळसाठी रिकामी राहू द्या.